टेबलावरून कोर्टात गेलेलं वाक्य

सरिता वर्तकने माझ्यावर पाच महिने संशय घेतला. तिच्या जागी मी असते तर मीही घेतला असता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी रागाने लिहितेय असं कुणाला वाटायला नको.

माझं नाव मीनल. जर्मनीत, नेकारसुल्ममध्ये एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करते. सरिताची आणि माझी ओळख जर्मनच्या क्लासमधली, बारा वर्षांपूर्वीची. आम्ही बाकीच्या मान खाली घालून वहीत उतरवून घ्यायचो आणि ही हात वर करून बाईंना सांगायची, "फळ्यावर एक अक्षर चुकलंय." बाईंना राग यायचा, पण अक्षर खरंच चुकलेलं असायचं. चुकीचं काही दिसलं की सरिताला गप्प बसवत नाही. या एका सवयीपायी तिने आयुष्यात बरंच सोसलंय, आणि तिच्या बाजूला बसणाऱ्यांनीही थोडंफार.

ती सांगलीची. प्राणिशास्त्रात एम.एस्सी., वर बी.एड., आणि तिथल्याच एका ज्युनियर कॉलेजात सहा वर्षं शिकवलेलं. नवरा पद्माकर इथल्या कार प्लांटमध्ये इंजिनियर म्हणून आला, तेव्हा नोकरी सोडून तीन वर्षांच्या अन्वीला घेऊन ती मागोमाग आली. इथे शिक्षकाला दोन विषय लागतात. हिच्याकडे एकच. आनेरकेनुंगचा, म्हणजे पदवीला इथे मान्यता मिळवण्याचा, अर्ज दोनदा परत आला. सात-आठ वर्षं तिने शाळेनंतर मुलांना सांभाळायच्या केंद्रात काढली, डबे उघडून देत आणि बुटांच्या नाड्या बांधत. मग बसने वीस मिनिटांवरच्या एका गावात, चर्चच्या मंडळींनी चालवलेल्या लहानशा खासगी शाळेत, जीवशास्त्राची जागा निघाली. त्यांना कुणी मिळत नव्हतं. सरिता मिळाली. पंचेचाळिसाव्या वर्षी ती पुन्हा फळ्यासमोर उभी राहिली, त्या दिवशी तिने मला फळ्याचा फोटो पाठवला होता. नुसता पुसलेला, ओला फळा.

शाळा चांगली होती. मुख्याध्यापक हेर क्नॉस्प सगळ्याला हसून "गेनाऊ, गेनाऊ" म्हणायचे. म्हणजे अगदी बरोबर. अन्वीलाही तिथेच घेतलं. पहिली दोन वर्षं काहीच झालं नाही.

तिसऱ्या वर्षी, २०२३ च्या सप्टेंबरात, सरिताला दहावीचा वर्ग मिळाला. वर्गाची नोंदवही चाळताना तिला एक गंमत दिसली. दहावीचा उत्क्रांतीचा धडा दरवर्षी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, सुट्टी लागायच्या आधी, दोन तासांत शिकवल्याची नोंद होती. दरवर्षी तेच शब्द आणि तीच सही, फ्राउ हेबर्लेंची. या शाळेतल्या सगळ्यात जुन्या जीवशास्त्राच्या बाई. सरिताने आदल्या वर्षी दहावी झालेल्या एका मुलीला बसस्टॉपवर विचारलं, त्या दोन तासांत काय केलंत? मुलगी म्हणाली, "पेंग्विनची फिल्म बघितली."

सरिता सरळ हेबर्लेबाईंकडे गेली. त्या वह्या तपासत होत्या. त्यांनी दाराकडे एकदा बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "फ्राउ वर्तक, इथे वर्षं अशीच संपतात."

सरिता म्हणते, तो सल्ला होता की दम, हे तिला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही.

त्याच आठवड्यात आमच्याकडे गणपती होते. शनिवारी आठ जण जेवायला: आम्ही तिघं, म्हणजे मी, माझा नवरा रमेश आणि सहा वर्षांची शमिका, वर्तकांचे तिघं, आणि लुडविग्सहाफेनहून आलेले रमेशचे मामेभाऊ सत्यजित आणि त्यांची बायको ऊर्मिला. ते संध्याकाळचं जेवण मला पुढे इतक्यांदा आठवावं लागलंय की कोण कुठल्या खुर्चीवर होतं तेही सांगता येईल.

सरिता म्हणाली, यंदा तो धडा ती ऑक्टोबरमध्येच घेणार, व्यवस्थित, दहा तास. तिकडे भारतातही त्याच वर्षी दहावीच्या पुस्तकातून तो धडा गाळल्याची बातमी आली होती, त्यावरून विषय पेटला.

रमेश म्हणाला, "आपल्याला त्याचं काय एवढं? आपल्याकडे दशावतारात सगळं आहेच की. आधी मासा, मग कासव, मग वराह, मग नरसिंह. पाण्यातून जमिनीवर. डार्विनच्या कितीतरी आधी."

"गोष्ट सुंदर आहे, रमेश," सरिता म्हणाली. "पण ती गोष्ट आहे. नरसिंहाचं जीवाश्म सापडलं की मला फोन करा."

सगळे हसले. रमेश हसला नाही. ते सरिताच्या लक्षात आलं असावं, कारण तिने लगेच दुसऱ्या बाजूलाही एक टोला दिला, म्हणजे फिटंफाट व्हावी. म्हणाली, "आणि आमच्या शाळेतल्यांचं तर विचारूच नका. सहा दिवसांत अख्खी सृष्टी! आमच्या हाउसमाइस्टरला जिन्यातला बल्ब बदलायला सहा आठवडे लागतात." हाउसमाइस्टर म्हणजे इमारतीची देखभाल करणारा माणूस. आमच्याकडचा प्रत्येक जण त्याच्या नावाने बोटं मोडत असतो. त्यामुळे टेबल पुन्हा हसलं. अन्वी तर पाणी पिता पिता ठसकली.

हे वाक्य नीट लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे ते कागदावर आलं.

ऑक्टोबरमध्ये सरिताने धडा सुरू केला. तिसऱ्या तासाला एका मुलाने विचारलं, हे शिकवायला कधी कुठे बंदी होती का? तिने अमेरिकेतल्या डेटन गावाची गोष्ट सांगितली. ही गोष्ट खरी आहे. टेनेसी राज्यात १९२५ मध्ये कायदा झाला की सरकारी शाळेत माणूस खालच्या प्राण्यांपासून आला असं शिकवायचं नाही. गावातल्या काही मंडळींना वाटलं, यावर खटला झाला तर आपलं गाव प्रसिद्धीला येईल. त्यांनी एका तरुण शिक्षकाला बोलावून विचारलं, आरोपी होशील का? तो मुळात खेळ शिकवणारा, आजारी शिक्षकाच्या जागी काही दिवस जीवशास्त्र घेतलेला. तो धडा आपण खरंच शिकवला होता का, हे त्याला नक्की आठवतही नव्हतं. तरी तो तयार झाला. जुलैच्या उकाड्यात खटला चालला, रेडिओवरून देशभर ऐकवला गेला. गर्दी इतकी की एक दिवस न्यायाधीशांनी कोर्ट बाहेर हिरवळीवर भरवलं. शाळेतल्या मुलांना साक्षीला उभं केलं, शिक्षकाने काय शिकवलं ते सांगायला. शिक्षक दोषी ठरला.

वर्ग गप्प बसून ऐकत होता. शेवटी मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "मग आमच्याकडे पेंग्विन का दाखवतात?" आणि सगळे हसले.

सरिताही हसली. ते हसणं तिला महागात पडलं.

नोव्हेंबरच्या शेवटी हेर क्नॉस्पनी तिला बोलावून एक पत्र हातात दिलं. आबमानुंग. लेखी ताकीद. ती माणसाच्या फाइलमध्ये राहते, आणि पुन्हा तसंच काही झालं तर त्याच्या आधारावर नोकरीवरून काढता येतं. सोबत दहावीचा वर्गही तिच्याकडून काढून पुन्हा हेबर्लेबाईंकडे दिला. सरिताला पाचवी आणि रिकाम्या तासांची देखरेख.

पुढच्या शनिवारी सकाळी ती आमच्या दारात उभी. फोन न करता इथे कुणी कुणाकडे जात नाही. तिने कोट काढला नाही, कागद टेबलावर ठेवला.

"तिसरा मुद्दा वाच."

पहिले दोन मी चटकन वाचले: धड्यांचा क्रम न विचारता बदलला, शाळेची तुलना परदेशातल्या एका जुन्या खटल्याशी करून मुलांपुढे शाळेचं हसं केलं. तिसरा असा होता: शिक्षिकेने वर्गात जगन्निर्मात्याची तुलना हाउसमाइस्टरशी करून पालकांच्या श्रद्धेची टिंगल केली.

मी ती ओळ पुन्हा वाचली.

"वर्गात मी हे कधीच म्हटलेलं नाही," सरिता म्हणाली. "आयुष्यात एकदाच म्हटलंय, मराठीत. या खुर्चीवर बसून."

तिने सगळा हिशोब आधीच मांडलेला होता. "शमिका लहान आहे. सत्यजित-ऊर्मिलाला माझ्या शाळेचं नावसुद्धा माहीत नाही. माझ्या घरचे मी सोडले. उरलं कोण?"

"मी नाही, सरिता."

"मग?"

आत रमेश शमिकाचे केस वाळवत होता, ड्रायरचा आवाज येत होता. सरिताने त्या आवाजाकडे बघितलं, कागद उचलला आणि गेली. त्याच दुपारी ती आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून बाहेर पडली.

खरं सांगायचं तर तिने माझ्या डोक्यात जे सोडलं, ते तिच्या संशयापेक्षा वाईट होतं. रमेश रोज कामाला वेलर नावाच्या एका माणसाबरोबर एकाच गाडीने जातो. वेलरचा मुलगा त्याच शाळेत, आणि वेलर स्वतः पालकांच्या समितीत. हे मला माहीत होतं, सरितालाही माहीत होतं. गणपतीच्या त्या संध्याकाळी भांडी विसळताना रमेश म्हणालाही होता, "देव समोर बसलेले असताना, आपल्याच घरी येऊन, फोन करा म्हणते!"

रविवारी तो आंघोळीला गेला आणि मी त्याचा फोन उघडला. लग्नाच्या चौदा वर्षांत पहिल्यांदा. वेलरचा नोव्हेंबरातला मेसेज सापडला: "तुझ्या ओळखीच्या टीचरबद्दल बोलायचंय." खाली रमेशचं उत्तर: "उद्या गाडीत बोलू." पुढे त्यावर काही नाही.

मी फोन जागेवर ठेवला. आठवडाभर मी त्याच्याकडे चोरून बघत राहिले. तो शमिकाला गोष्ट सांगायचा, भाजी चिरायचा, आणि मला वाटायचं, हा माणूस असं करू शकतो का? आणि करू शकत नसेल, तर मला असं का वाटतंय? पुढच्या शनिवारी आम्ही जुनी गादी टाकायला वेर्टस्टॉफहोफला, म्हणजे भंगार जमा करायच्या जागी गेलो होतो. दोघांनी गादीची दोन टोकं धरलेली. तिथे मी विचारलं.

"सरिताचं ते वाक्य तू वेलरला सांगितलंस का?"

त्याने गादी खाली ठेवली. "तूही?"

"मी तुझा फोन बघितलाय."

मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला तेव्हा आम्ही गादी कंटेनरमध्ये ढकलली आणि गाडीत येऊन बसलो. मग तो म्हणाला, "मी कुणाला काही सांगितलेलं नाही. उलट वेलरनेच मला सांगितलं. काही आया सह्या गोळा करताहेत म्हणाला. तिला म्हणावं, तक्रारीचं पत्र शाळेत जायच्या आत त्यांच्याशी बोलून घे, कॉफीला बोलाव, मिटेल. भला माणूस आहे."

"मग तू तिला सांगितलं नाहीस?"

"नाही."

"का?"

"ती म्हणाली होती ना, जीवाश्म सापडलं की फोन करा," रमेश काचेतून बाहेर बघत म्हणाला. "नाही सापडलं. नाही केला फोन."

म्हणजे वाक्य त्याने नेलं नव्हतं. पण आग लागलेली दिसत असताना तो गप्प बसला होता. आणि आता हे कळल्यावर मीही गप्प बसले. सरिताला सांगायला गेले असते तर तिने अर्धंच ऐकलं असतं: वेलर, रमेश, गाडी. बाकीचं तिने आपल्या मनाने भरलं असतं. निदान मी स्वतःची समजूत अशी घातली.

सरिताने खटला भरला. आर्बाइट्सगेरिष्टमध्ये, म्हणजे कामगार न्यायालयात. मागणी एकच: ते पत्र माझ्या फाइलमधून काढा. फेब्रुवारीत पहिली बैठक झाली, ती तडजोडीसाठी असते. शाळेच्या वकिलाने तोडगा दिला की पत्र एक वर्ष फाइलमध्ये राहील आणि मग काढून टाकू. पद्माकरला ते पटलं. "वर्षभर जरा दमाने घे, संपलं," तो तिला म्हणाला. आपला व्हिसा, घराचं कर्ज, अन्वीची शाळा, सगळं त्याच्या डोळ्यापुढे होतं. सरिता म्हणाली, "वर्षाने काढायचं म्हणजे वर्षभर ते खरं." तिने नाही म्हटलं.

हे सगळं मला नंतर तिनेच सांगितलं. तेव्हा आम्ही बोलत नव्हतो. सुपरमार्केटमध्ये ती दिसली की मी डिटर्जंटच्या रांगेत शिरायचे. दर मंगळवारी शमिकाला खेळवायला येणारी अन्वीही यायची बंद झाली.

शाळेत सरिताला प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसायला लागलं होतं. स्टाफरूममध्ये ती शिरली की बोलणं थांबतं का, हे ती मोजायची. एकदा कॉपी मशीनपाशी हेबर्लेबाई जुन्या नोंदवह्या उघडून उभ्या होत्या. सरिताला बघताच त्यांनी पानावर हात ठेवला. सरिताची खात्री पटली, या बाई पुरावा नाहीसा करताहेत. आणि मार्चमध्ये स्टाफरूममधल्या तिच्या कप्प्यात एक तपकिरी पाकीट आलं. नाव नाही, चिठ्ठी नाही. आत नऊ वर्षांच्या नोंदवहीतल्या जुलैच्या पानांच्या प्रती, नऊही वेळा उत्क्रांती, दोन तास.

कुणालाही आनंद झाला असता. सरिता घाबरली. शाळेचे कागद माझ्याकडे सापडले तर? याच कारणासाठी कुणी ठेवले असतील तर? वकीलबाईंनीही तेच सांगितलं: कोर्टात द्यायचे नाहीत, घरात ठेवायचे नाहीत. सरिताने पाकीट वकीलबाईंच्या टेबलावर ठेवलं आणि घरी येऊन दोनदा हात धुतले. ते कुणी ठेवलं हे आजतागायत बाहेर आलेलं नाही. मला विचाराल तर हेबर्लेबाईंनीच. सरिता म्हणते, मग त्यांनी पानावर हात का ठेवला?

मेच्या सुरुवातीला, एका मंगळवारी दुपारी, घंटी वाजली. दारात अन्वी. पंधरा वर्षांची, आईएवढी उंच झालेली. शमिका "अन्वीताई!" म्हणत धावली, पण ती हललीच नाही.

"मीनल मावशी," ती म्हणाली, आणि पुढचं जर्मनमध्ये. "दास वार इश." ते मीच केलं.

मला आधी कळलंच नाही. मी तिला आत घेतलं, पाणी दिलं. मग ती सांगायला लागली, अर्धं जर्मन, अर्धं मोडकंतोडकं मराठी. गणपतीनंतरच्या सोमवारी बसस्टॉपवर तिने लेओनी नावाच्या मैत्रिणीला हाउसमाइस्टरचा तो विनोद सांगितला होता. "मला तो लुस्टिश वाटला. मामा किती लुस्टिश आहे, ते मला तिला सांगायचं होतं." लुस्टिश म्हणजे गमतीदार, आणि मामा म्हणजे आई, इथली मुलं म्हणतात तसं. लेओनी हसली, घरी जाऊन तिने जेवताना सांगितला. लेओनीचा भाऊ दहावीत, सरिताच्याच वर्गात. भावाने डेटनची आणि पेंग्विनची गोष्ट सांगितली. आईने दोन्ही एकत्र केलं आणि शाळेला पत्र लिहिलं, सगळं वर्गातच झालं असं समजून.

"तुला हे कधी कळलं?"

"डिसेंबरमध्ये. मामाने पत्र मोठ्याने वाचलं तेव्हा."

"आणि तू एवढे दिवस..."

"मामा म्हणायची, मीनलने केलं. रोज. मला वाटलं, आता सांगितलं तर..." ती नाक पुसत म्हणाली, "तू रागावलीस?"

रागावले होते. पण समोर बसलेल्या त्या मुलीकडे बघताना मला माझंही डिसेंबरातलं गप्प बसणं दिसत होतं. मी म्हटलं, "चल. मी येते तुझ्याबरोबर."

सरिता स्वयंपाकघरात पाचवीच्या वह्या तपासत होती. मला बघून तिचा चेहरा आवळला. अन्वीने दारातच सांगून टाकलं, एका दमात. सरिता ऐकत राहिली, हातातलं लाल पेन तसंच. मग म्हणाली, "पाच महिने माझ्यासमोर बसून जेवत होतीस."

अन्वी रडायला लागली. सरिता उठली नाही. बऱ्याच वेळाने तिने खुर्ची जरा मागे सरकवली, आणि अन्वी जाऊन तिच्या मांडीवर बसली, एवढी मोठी मुलगी. मी निघाले, तेव्हा सरिता माझ्याकडे न बघता म्हणाली, "मीनल, मी चुकले." मी "बरं" म्हटलं आणि जिना उतरले. त्या वेळी त्याहून जास्त काही माझ्याकडून निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी वकीलबाईंना कळलं तेव्हा त्या खूश झाल्या. खटला संपलाच म्हणाल्या. मुलीला साक्षीला बोलवा. वाक्य घरी बोललं गेलं, ती बाहेर घेऊन गेली, वर्गात काहीच झालेलं नाही. तिसरा मुद्दा पडला.

सरिता म्हणाली, "नाही."

वकीलबाईंना वाटलं, भाषेचा काही गोंधळ झाला. त्यांनी सावकाश पुन्हा समजावलं.

"मला समजलं," सरिता म्हणाली. "डेटनमध्येही मुलांनाच उभं केलं होतं. माझी मुलगी न्यायाधीशांसमोर उभी राहून आई घरात काय बोलते ते सांगणार नाही. ती अजून त्याच शाळेत जाते."

पद्माकरने समजावलं. तिने ऐकलं नाही. त्याने मला फोन केला, तू तरी सांग. मी गेले, पण सांगायला नाही. तिने नाही म्हटल्यावर मला एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच तिच्याबद्दल बरं वाटलं होतं, आणि म्हणूनच ते दुसरं ओझं मला ठेवता येईना. मी तिला रमेशचं सगळं सांगितलं: वेलर, सह्या, त्याने न केलेला फोन, आणि डिसेंबरपासून हे माहीत असून मी काही न बोलणं.

ती ऐकून घेऊन म्हणाली, "म्हणजे माझा अंदाज अगदीच चुकला नव्हता."

"नाही."

"आता घरी जा, मीनल. आत्ता माझ्याच्याने नाही होणार."

जूनमध्ये सुनावणी झाली. खोली साधीच होती, शाळेच्या वर्गाएवढी. मधे न्यायाधीश, चाळिशीतल्या बाई. त्यांच्या दोन बाजूंना दोन मानद न्यायाधीश, एक मालकांच्या बाजूने नेमलेला, एक कामगारांच्या. मागे लोकांसाठी तीन रांगा. मी शेवटच्या रांगेत बसले. येऊ का म्हणून विचारलं नव्हतं.

न्यायाधीशबाईंनी उत्क्रांती हा शब्द एकदाही उच्चारला नाही. त्यांनी सरळ तिसरा मुद्दा काढला आणि हेर क्नॉस्पना विचारलं, "हे वाक्य कोणत्या दिवशी म्हटलं गेलं?"

"शरद ऋतूत."

"कोणत्या तासाला?"

हेर क्नॉस्प वकिलाकडे बघायला लागले. वकील म्हणाला, तक्रार करणाऱ्या आईला बोलावता येईल.

"त्या वर्गात बसल्या होत्या का?"

"नाही."

"मग ज्याने ऐकलं तो विद्यार्थी कोण?"

वकिलाने कागद चाळले. त्याच्याकडे नाव नव्हतं. लेओनीच्या भावाचं नाव तो देऊ शकला नाही, कारण त्या मुलाने वर्गात तसं काही ऐकलंच नव्हतं, आणि हे त्याने आईला स्पष्ट सांगितलं असावं. न्यायाधीशबाईंनी सरिताकडे बघितलं. "आपण हे वर्गात म्हणालात?"

"नाही."

"मग ते आलं कुठून, याचा काही अंदाज?"

सरिता म्हणाली, "त्याबद्दल मला काही सांगायचं नाही."

तिच्या वकीलबाईंनी डोळे मिटले. हे उत्तर संशय वाढवणारंच होतं; शाळेच्या वकिलाने लगेच काहीतरी लिहून घेतलं. पण न्यायाधीशबाईंनी मान हलवली आणि पुढे गेल्या.

निकाल त्याच दिवशी दुपारी आला. सरिता जिंकली. ताकीद पत्रात अनेक आरोप असले आणि त्यातला एक जरी मोघम किंवा सिद्ध न होणारा निघाला, तर सगळं पत्रच काढून टाकावं लागतं, असा इथला नियम आहे. दिवस नाही, तास नाही, साक्षीदार नाही. पहिले दोन मुद्दे बघायची गरजच उरली नाही. धडा कधी शिकवायचा, कसा शिकवायचा, डेटनची गोष्ट सांगावी की नाही, यावर एक अक्षरही नाही. टेनेसीतही वरच्या कोर्टाने त्या शिक्षकाची शिक्षा रद्द केली होती ती अशाच एका कारणावर: दंड ज्यूरीऐवजी न्यायाधीशांनी ठरवला म्हणून. कायदा मात्र १९६७ पर्यंत राहिला. हे मला सरितानेच सांगितलं, कोर्टाच्या पायऱ्या उतरताना, अगदी वर्गात सांगावं तसं. मग म्हणाली, "तू आलीस ते मी बघितलं होतं."

शाळेने पत्र काढलं. दहावीचा वर्ग मात्र परत दिला नाही. वर्ग कुणाला द्यायचा हा मुख्याध्यापकांचा अधिकार. हेर क्नॉस्प तिला बघून पूर्वीसारखेच हसायचे. ती वर्षभर तिथे राहिली, अन्वी बाहेर पडेपर्यंत, आणि मग ओरिंगेनच्या एका सरकारी शाळेत गेली. दुसऱ्या विषयाची अट तिथे रसायनशास्त्राची परीक्षा देऊन पुरी करतेय, एकोणपन्नासाव्या वर्षी. जुन्या शाळेत तो धडा आता कधी होतो, मला माहीत नाही. तिने चौकशी केलेली नाही, आणि तिच्या स्वभावाला हे किती जड जात असेल ते मी जाणते.

रमेश तिच्याकडे जायला तयार नव्हता. मी आग्रह धरला नाही. निकालानंतरच्या ऑगस्टमध्ये एका रविवारी तो आपण होऊन गेला, एकटाच, सायकलवर. तासाभराने परत आला. काय झालं विचारलं तर म्हणाला, "मी म्हटलं, सरिताताई, मी तुम्हाला फोन करायला हवा होता."

"मग?"

"त्या म्हणाल्या, हो, करायला हवा होता. मग पद्माकरने चहा केला. मी प्यायलो."

"एवढंच?"

"निघताना त्यांनी विचारलं, वेलर अजून तुमच्याच गाडीने येतात का. मी हो म्हटलं. त्यांनी वेलरचा नंबर मागून घेतला, म्हणाल्या, त्यांनी निदान कळवायचा प्रयत्न तरी केला."

तिने वेलरला फोन केला की नाही, मी तिला विचारलेलं नाही. आम्ही आता बोलतो. गेल्या आठवड्यात तिने रसायनशास्त्राच्या पेपरातलं एक समीकरण मला पाठवलं आणि खाली लिहिलं, परीक्षकाची चूक आहे, कळवू का? मी लिहिलं, आधी निकाल लागू दे. तिने कळवून टाकलं होतं.